विवाह जुळला

लिहिण्याइतकी माझी पात्रता नाही, त्यामुळे आधीच माफी मागतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि सांगायची आहे ती माझीच चूक.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी वेबसाइटमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणारा स्कॅनर वापरायला शिकलो. परवानगीशिवाय कुणाची साइट तपासायची नाही, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाच्या सचिवकाकांना विचारलं. "कर की, घरचंच आहे," ते म्हणाले.

त्या साइटवर माझ्या ताईचीही माहिती होती. राजोडीच्या एका घरून तिच्यासाठी विचारणा झाली होती. मुलगा तिला आवडला होता. रविवारी ते बोलणी करायला येणार होते.

स्कॅनर पानावरची प्रत्येक लिंक स्वतःच उघडत जातो. प्रत्येक मुलीच्या माहितीखाली 'विवाह जुळला' अशी, लग्न ठरलं की मंडळाने दाबायची एक लिंक होती आणि ती पासवर्ड न विचारताच चालत होती. मी शोधत होतो तसलीच त्रुटी. पण ती मला दिसली तेव्हा स्कॅनरने सगळ्या लिंका दाबून टाकल्या होत्या.

"अरे बाबा, समाजाच्या सगळ्या पोरींची लग्नं एका दुपारीत लावलीस की!" काका फोनवर हसत होते. साइट पूर्वीसारखी व्हायला तीन दिवस लागले. लिंकला पासवर्डही मीच लावून दिला.

ताईने एवढंच विचारलं, "राजोडीवाल्यांनी बघितलं असेल का रे?"

आमच्यात ठरलेल्या मुलीच्या घरी फोन करून कुणी खात्री करत नाही, ते बरं दिसत नाही. रविवारी कुणी आलं नाही.

"बाबा, आपणच फोन करू," मी म्हणालो.

बाबा वाडीतून केळीचे घड उतरवून आले होते. "आनि सांगू काय? म्हनतील, पोरीचं दुसरीकडं ठरलेलं मोडलं."

"कॉम्प्युटरची चूक झाली म्हणायचं."

"ते मलाच नाय समजत, त्यांना काय समजावू?"

काकांना मध्ये पडायला सांगितलं. ते "बघतो" म्हणाले.

प्रकल्पाच्या अहवालात मी ती त्रुटी 'गंभीर' अशी नोंदवली. सरांनी कौतुक केलं. ताईने अहवाल चाळला. "यात माझं नाव आहे?"

"नाही."

तिने तो नीट मिटून टेबलावर ठेवला.

काल काकांचा फोन आला. राजोडीच्या मुलाचा साखरपुडा झाला, जूचंद्रच्या मुलीशी. तिच्या माहितीखालची लिंक दाबायची होती, म्हणून ते मला नवा पासवर्ड विचारत होते.