ॲन्सेल्म सरांची मोजणी

आमच्या निर्मळचे ॲन्सेल्म सर शाळेत पी.टी. शिकवायचे. माणूस महातापट, पण मुलांना रानात न्यायची हौस दांडगी. केळीच्या बागांत वाढलेल्या आम्हाला साधा साग ओळखता येत नाही, याचा त्यांना राग यायचा. दिवाळीच्या सुट्टीत चर्चमधली दहा मुलं घेऊन ते तुंगारेश्वरच्या पायथ्याशी तंबू ठोकायचे.

बरोबर दहाच. रानातली वाट अरुंद. सर पुढे, आम्ही एकामागे एक. मग चालता चालता रोजरी म्हणायची, प्रत्येकाने एक ‘नमो मरिया’. दहा झाल्या की सगळे मागे आहेत. प्रार्थनाही होते आणि मोजणीही, असं ते ऐटीत सांगायचे.

मी तेरा वर्षांची होते. डोहावरून परतताना रांगेच्या शेवटी टिफनी आणि मी होतो. तिला आठवलं की घड्याळ खडकावरच राहिलं. सर ओरडतील म्हणून ती मला म्हणाली, माझी नमो मरिया तू म्हण, मी पळत येते. नववी मी माझी म्हटली, दहावी आवाज बदलून तिची. सर चालत राहिले.

तंबूपाशी पोचलो तेव्हा नऊच जण होतो. संध्याकाळी वाडीतल्या माणसांनी टिफनीला डोहातून बाहेर काढलं.

तंबूमागे मी सरांना रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

“शॅनन, हे पुन्हा कुणापाशी बोलायचं नाही. मोजायला मी विसरलो.”

पोलिसांना, फादरांना, टिफनीच्या आईला म्हणजे क्लेमेंटीन आंटीला, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं. नोकरी गेली. लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ते शेवटच्या बाकावर एकटे बसायचे आणि मी मान खाली घालून पुढे जायचे. तेरा वर्षांची होते, हे कारण तेव्हा चाललं. आता पंचवीस वर्षांची आहे, आता कुठलं कारण देऊ?

क्लेमेंटीन आंटी मला लेकीसारखं मानतात. टिफनीच्या वाढदिवसाचा केक मलाच भरवतात.

गेल्या महिन्यात सर वारले. मी अंत्यविधीला निघाले होते. आंटी दारात भेटल्या.

“नको जाऊ, बाय. त्या माणसाने माझी पोर घालवली.”

मी चपला काढल्या आणि घरात परत आले.