गिटेलचा अर्ज

कॉलफिल्ड उपनगरातल्या गिटेल झायडमनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या नवऱ्याला, बेरलाही नाही. बेर चाळीस वर्षं वल्हांडणाला, ज्यूंच्या सुटकेच्या सणाला, भावाच्या घरी जेवायला बसला. मिसरच्या गुलामगिरीतून पूर्वजांच्या सुटकेची कथा वाचली जायची, मध्येच हशा पिकायचा. त्यानं खुणेनं विचारलं की भाऊ खुणावायचा, "मग सांगतो." ते राहूनच जायचं.

बेरची मूत्रपिंडं बिघडली तेव्हा तो बायकोला हातांनी म्हणाला, "एकदा तरी मला सगळं कळू दे गं."

गिटेलनं ज्यू समाजाच्या मदतनिधीकडे अर्ज केला: एक सभागृह, खुणांची दुभाषी, वीसेक बहिऱ्या माणसांचं वल्हांडणाचं जेवण. दोन महिन्यांनी पत्र आलं. तीनदा फोन केला, उचलला नाही, सबब अर्ज नामंजूर.

ती तडक कार्यालयावर गेली. दार बंद. बाजूच्या इंटरकॉमच्या जाळीतून कोणी नाव विचारत असणार, पण तिला काय कळणार? वीस मिनिटं ती तशीच उभी. मग पहारेकरी तिची पिशवीच तपासू लागला. अखेर संचालिका शोशाना वाइस खाली आली. पत्र वाचून तिचा चेहरा उतरला. तिनं कागदावर लिहिलं, "आमचं चुकलं, गिटेलबाई. सुधारायला मदत कराल?"

गिटेलनं खाली लिहिलं, "आधी माझा अर्ज काढा. मग तुमची शाळा घेते."

अर्ज मंजूर झाला, पण तोवर त्या वर्षीचा सण उलटला होता. गिटेल वर्षभर बैठकांना जात राहिली. दाराशी अक्षरं दिसणारा पडदा लागला, अर्जदाराला लेखी कळवायचं ठरलं. बैठकीत मात्र सगळे एकदम बोलायचे.

"एकेक बोला हो! हिला काय आठ हात आहेत?" गिटेल दुभाषीकडे बोट दाखवत तिच्याचकरवी सुनवायची. मंडळी ओशाळून हसायची आणि दोन मिनिटांत पुन्हा तोच गलका.

बेर वल्हांडणाच्या महिनाभर आधी, पुरिम सणाच्या आठवड्यात गेला. दुसऱ्याच दिवशी दफन झालं. कळवाकळवी दिरानं केली, प्रार्थनागृहात सांगून आणि फोनवरून.

वल्हांडणाला सभागृहात सतरा जण जमले. दुभाषीनं दोन्ही हातांनी कथेतला समुद्र दुभंगून दाखवला तेव्हा कुणाची पापणी लवली नाही. गिटेल सणाच्या बेखमीर भाकरीची ताटली घेऊन सगळ्यांना वाढत फिरत होती.

दूरच्या बेंडिगो गावाहून आलेला म्हातारा आयझिक, बेरचा बहिऱ्यांच्या शाळेतला सोबती, तिच्याजवळ आला. हसत खुणेनं म्हणाला, "बेर कुठाय? गाडी लावायला एवढा वेळ?"

गिटेलनं ताटली खाली ठेवली. हात पुसले, आणि त्याला सांगितलं.