पिवळ्या दिव्याची गाडी

नांदेडची शेवटची घरं मागे पडली न पडली तोच डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. हेडलाइटचं चित्र आणि त्याच्या शेजारी उद्गारचिन्ह. मंत्र्यांना लाल दिव्याची गाडी मिळते, माझ्या वाट्याला पिवळ्या दिव्याची आली, असं म्हणून मी स्वतःचीच करमणूक करून घेतली. ती फार टिकली नाही. ही गाडी मी मिरवायला घेतली नव्हती.

अहमदपूरला माझा थोरला भाऊ राहतो. निवृत्त शिक्षक. दादाची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत, त्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लातूर गाठावं लागतं. त्या वर्षी दुष्काळ असा होता की लातूरला रेल्वेने पाणी आणायचं चाललं होतं. डायलिसिसला तर हंडेच्या हंडे शुद्ध पाणी लागतं. केंद्रावर टँकर दुपारी यायचा, म्हणून दादाची सकाळची पाळी दुपारवर गेली होती आणि परतेपर्यंत अंधार पडत होता. एसटीच्या धक्क्यांनी तो गळून जायचा. त्याची मुलगी वैशाली अहमदपुरातच सरकारी कचेरीत कारकून आहे. तिने गाडीचा परवाना काढला आणि मी पुण्याहून येऊन नांदेडात एक जुनी गाडी घेतली. आज दादाची पाळी होती. हेडलाइट दगा देणार असतील तर नवख्या वैशालीच्या हाती त्याला अंधारात सोपवणं शक्य नव्हतं.

गाडी विकणारा ठेकेदार बोलघेवडा होता. "ताई, गाडी म्हंजे मक्खन हाय," असं त्याने तीनतीनदा सांगितलं. निघताना डिकीत पाण्याचा कॅन ठेवला. "बोअरचं हाय, प्यायचं न्हाई. रस्त्याला धूळ लई हाय, काचंवर मारत जावा." धुळीबद्दल तो खरं बोलला. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, पुढचा ट्रक दिसायच्या आधी त्याची धूळ दिसायची. मी दर थोड्या वेळाने स्टिअरिंगजवळची दांडी ओढून काचेवर पाण्याची चिळकांडी मारत होते.

सोनखेडच्या अलीकडे एक गॅरेज दिसलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, डाव्या दिव्याचा बल्ब काढून नवा घातला आणि पिवळा दिवा खरोखरच विझला.

"पुन्हा लागला तर?" मी विचारलं.

"तर तो पिवळा दिवाच काढून टाकू की. कटकट मिटली."

हे तो चेष्टेत म्हणत नव्हता. पैसे दिले, कॅनमधलं पाणी काचेच्या टाकीत ओतलं आणि निघाले. काच मळली होती, स्वच्छ केली आणि लोह्याच्या आधीच दिवा पुन्हा हजर. माझं डोकं फिरलं. नवाकोरा बल्ब होता, मग आता काय बिघडलं?

लोह्याला जेवायला थांबले. पत्र्याचं छोटं हॉटेल, चालवणारी एक ठसठशीत बाई. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली पूड). आमटी इतकी झणझणीत की नाकातून पाणी आलं. टेबलावर जग नव्हता. पाणी मागितलं की बाई स्वतः पेला भरून द्यायची, तोही अर्धा. जेवण झाल्यावर मी रिकामा कॅन पुढे केला.

"एवढा भरून द्याल का? काचेवर मारायला हवंय."

बाईने आधी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काच धुवायला? बाई, इथं आम्ही भांडे राखंनं घासून राहिलो, अन् तुम्ही पाणी वाऱ्यावर उडवून राहिल्या?"

मी कान पकडायचीच बाकी होते. तिने आत जाऊन जुन्या धोतराचा एक तुकडा आणला. "हे घ्या. थांबा अन् कोरडं पुसा. गाडीला काय तहान लागती का?"

मी निमूटपणे फडकं घेतलं. खरं सांगायचं तर राग आला होता, आणि तिचंच बरोबर असल्यामुळे जास्त आला होता.

माळाकोळीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. गावांत घरांपुढे निळे ड्रम, काहींच्या झाकणांना चक्क कुलपं. पाण्याला कुलूप लावलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मध्येमध्ये थांबून फडक्याने काच पुसायची आणि पुढे जायचं. अहमदपूर आलं तरी पिवळा दिवा लागला नव्हता. का, याचा विचार मी केला नाही. आपली गाडी आपोआप बरी झाली असं मानण्याइतकी मी आशावादी आहे.

दादा दारातच उभा होता. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. "कुसुम, कशाला एवढा खटाटोप केलास? एसटी काय वाईट होती?"

"बाबा, आत्याला आधी आत तर येऊ द्या," वैशाली म्हणाली.

मी दिव्याचं सांगितलं. दादाचा चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला. "मग आजचं राहू दे. एक पाळी चुकल्यानं काय होतंय?" वैशालीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट चपला शोधायला लागला. आम्ही तिघं गाडीत बसून बाजाराच्या रस्त्याला गफूरभाईंच्या गॅरेजवर गेलो.

गॅरेजला लागूनच चहाची टपरी होती. तिथे नव्या जिल्ह्यावरून जोरात वाद चालला होता. उदगीर जिल्हा होणार, मग अहमदपूर कुठं जाणार, आणि अहमदपुरानंच काय घोडं मारलंय. दादाला पाहून एकाने "जय भीम, गुरुजी" म्हटलं आणि त्याचं मत विचारलं.

"जिल्हा कोणचाबी करा," दादा म्हणाला, "टँकर कोणच्या जिल्ह्यातून येणार तेवढं सांगा." सगळे हसले आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

गफूरभाईंनी दिवे लावून पाहिले, विझवून पाहिले. "दोन्ही चालून राहिले, ताई. पिवळा बी न्हाई लागत. आता बिमारीच न्हाई तं इलाज कशाचा करू?"

तेवढ्यात शेजारून टँकर गेला आणि काचेवर धुळीचा थर बसला. मी चालकाच्या जागेवर होते. सवयीने दांडी ओढली. टाकीत राहिलेलं थोडं पाणी काचेवर उडालं आणि पाठोपाठ पिवळा दिवा लागला.

"गफूरभाई! पाणी मारलं की लागतो!" मी ओरडलेच. सकाळपासूनचा सगळा प्रवास डोळ्यांपुढून गेला. पाणी मारलं तेव्हा दिवा होता. लोह्याच्या बाईने पाणी तोडलं तेव्हा दिवा नव्हता.

"पुन्हा मारा," म्हणत त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. मी दांडी ओढली. "बस, बस! गावली."

काचेवर पाणी नेणारी रबरी नळी डाव्या हेडलाइटमागे चिरली होती. दांडी ओढली की निम्मं पाणी काचेवर आणि निम्मं थेट हेडलाइटच्या प्लगवर. त्यांनी प्लग उपसून दाखवला. हंड्याच्या तळाला बसतात तसे पांढरे क्षार आत बसले होते आणि एक पिन जळून काळी पडली होती.

"बोअरचं खारं पाणी. भिजलं की दिवा लागतो, वाळलं की विझतो. वरीसभर पित असंल हे. अजून चार दिवसांनी ह्यो दिवा गपकन गेला असता."

त्यांनी दुसऱ्या गाडीचा प्लग आणून जोडला, हेडलाइटच्या बाजूच्या पिना पॉलिश पेपरने घासल्या, नळीचा चिरलेला भाग कापून ती पुन्हा बसवली आणि तारेने आवळली. काम झालं, पण खात्री करायची तर पाणी हवं, आणि गाडीची टाकी आता कोरडी ठणठणीत. गफूरभाईंनी आपल्या माठाकडे नजर टाकली आणि लगेच फिरवली. दादाने पिशवीतून स्वतःची बाटली काढून पुढे धरली. "घ्या. मला तसंबी मोजूनच प्यायचंय."

पाणी टाकीत गेलं. मी दांडी ओढली, सगळं पाणी काचेवर पडलं आणि पिवळा दिवा लागला नाही. वैशालीने टाळीच वाजवली. दादाने रिकामी बाटली पिशवीत ठेवली.

चाकूरमार्गे लातूर. वैशाली बेताने पण नीट चालवते. केंद्रावर पोहोचलो तेव्हा टँकर रिकामा होत होता. आत परिचारिकेने दादाला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "सर, मागच्या वेळी आला नाहीत. त्याच्या आधी पण एकदा. हे पाय बघा. असं केलं तर आम्ही काय करायचं?"

वैशालीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, तुम्ही तर एसटीनं आला होता. मी स्वतः बसवून दिलं."

"चाकूरला उतरलो," दादा भिंतीकडे पाहत म्हणाला. "स्टँडवर बसलो. संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो."

वैशाली बाहेर निघून गेली. दादाच्या हातात सुया लागल्या, यंत्र सुरू झालं. मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"का?"

दादा यंत्राकडे बघत म्हणाला, "आपल्या गल्लीत टँकर कधी येतो कधी न्हाई. बाया एका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरून राहिल्यात. अन् मी इथं पडून इतकं पाणी एकटा घेतो. लाज वाटती, कुसुम."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. "आपली आई विहिरीपासून लांब घागर ठेवून बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाहीतर रिकामी घागर घेऊन घरी. हे मला कुणी सांगितलं? तूच. मुलांना वर्गात कुणी सांगितलं? तूच. आता तुझ्या वाट्याचं पाणी तुला मिळतंय, तर तू स्टँडवर जाऊन बसतोस? तुझ्या वाट्याचं आहे ते, दादा. कुणाच्या घागरीतलं काढलेलं नाही."

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बघायला लागले, इतका माझा आवाज चढला होता. दादाने डोळे मिटले. पाळी संपेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत, पण तो झोपलेला नव्हता.

परतताना चाकूरच्या पुढे अंधारलं. वैशालीने दिवे लावले. दोन्ही हेडलाइट लख्ख, रस्त्याकडेची बाभूळन् बाभूळ दिसत होती.

मी आणखी दोन दिवस राहिले. दादाशी इकडचं तिकडचं बोलणं झालं, त्या विषयावर एक अक्षर नाही. पुण्याला निघाले तेव्हा एकच जाणवत होतं. त्याच्याकडे वाहन नाही एवढंच आम्ही धरून चाललो होतो, आणि जायचं की नाही हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नळीची चीर सापडली होती. दादाच्या मनातली चीर सापडूनही मला बुजवता आली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या पाळीच्या दिवशी मी कचेरीत असताना वैशालीचा फोन आला.

"आत्या, बाबा कवाचे गाडीत जाऊन बसलेत. मला अजून जेवू पण देईनात. म्हणतात, चल लवकर, उशीर झाला तर आपलं पाणी दुसऱ्याला देऊन टाकतील."