आईची दोन माहेरं

मी सांगलीच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होते. कागद हरवला असं कुणी म्हटलं की मला हसू यायचं. कागद हरवत नाही, शोधणारा आळशी असतो, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यामुळं निवृत्त झाल्यावर मी वडिलांना सांगून टाकलं, "आबा, तुमच्या आईचं नाव मी काढून आणते. महिनाभर द्या."

आबा त्र्याऐंशीचे. पलूसजवळच्या आमच्या गावी राहतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, अजून उसाला पाणी पाजायला स्वतः जातात. त्यांना जन्म देणारी आई बाळंतपणातच गेली. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. आबांना वाढवलं ते या दुसरीनं, आणि आम्हा नातवंडांची आजी म्हणजे तीच. पहिलीचं नाव मात्र घरात काढायचं नाही. नाव घेतलं तर ती पोराला न्यायला परत येईल, असा पणजीचा धाक होता. बाराव्या वर्षी आबांनी एकदा विचारलं आणि पणजीची थप्पड खाल्ली. वाढवणाऱ्या आईला विचारावं, तर तिला वाईट वाटेल. मग विचारायचं राहूनच गेलं.

पितृपंधरवड्यात नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान वाढतात. आबा एकेकीचं नाव घेऊन पाणी सोडतात. चुलती, आत्या, वहिनी, सगळ्यांची नावं घडाघडा येतात, आणि शेवटच्या पानाशी ते अडतात. "आणि ती," म्हणतात. गेल्या वर्षी पान ठेवून झाल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "एकदा तरी नावानं हाक मारून वाढावं असं वाटतंय. माझं आता किती दिस राह्यलं?" माझी ती फुशारकी त्यानंतरची होती.

सुरुवात मी रुबाबात केली. आमचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, म्हणून सांगलीत नाही मिळालं तर साताऱ्याला, असं करत कचेऱ्या पालथ्या घातल्या. हल्ली मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आलेत. त्यातल्या एका सज्जन गृहस्थांना मी चहा पाजून बसवून घेतलं. जन्ममृत्यूची जुनी वही निघाली. तिच्यात आबांचा जन्म सापडला: बापाचं नाव, गाव, 'मुलगा एक'. आणखी पाच ओळी खाली तिचा मृत्यू होता: 'सदरहूची बायको, ताप'. बस. जमिनीच्या उताऱ्यावर ती असायचं कारण नव्हतं, कारण ती विधवा होईपर्यंत जगलीच नाही. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर आणि फौजेच्या कागदांवर आईच्या रकान्यात आमच्या आजीचं नाव. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "बायकांची नावं कोण घ्यायचं, बाई? अमक्याची मंडळी म्हणायचं." मला त्या वहीचा मनापासून राग आला. बाळंतपणात जीव गेला तिचा, आणि नोंद झाली नवऱ्याची.

महिन्याचे चार महिने झाले. आबा रोज फोनवर विचारायचे, "घावलं का?" आणि मी म्हणायचे, "घावतंय."

मिरजेला माझी आत्या राहते, म्हणजे आबांची सावत्र बहीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी भेटायला गेले. तिला देवपूजेला बसता येत नव्हतं, म्हणून देव मी धुतले. त्या देवांत चांदीचा एक टाक होता, बोटाच्या पेराएवढा. देवाच्या टाकांसारखाच, पण याला ओवायला कडी होती, आणि त्यावर उठवलेली बाई अगदी साधी, हात जोडून उभी.

"हा कुठला देव गं?"

"द्येव न्हवं," आत्या म्हणाली. "ती थोरली. आईच्या गळ्यात असायची. सवतीचा टाक."

मी पुसता पुसता थांबले. पहिली बायको गेल्यावर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत मला वाचून माहीत होती. आमच्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात काहीतरी असायचं, तेही मला आठवत होतं. या दोन गोष्टी एकत्र आणायचं काम माझ्या ग्रंथपालाच्या डोक्याला साठ वर्षांत जमलं नव्हतं.

आत्या सांगत गेली. नवं लुगडं आलं की आजी त्याचा पदर आधी टाकाला लावायची आणि म्हणायची, "बाई, आदी तुमी न्येसा." नाव आत्यालाही माहीत नव्हतं. "पर माहेर ठावं हाय की. आईला दोन माहेरं हुती. एक हितलं कृष्णाकाठचं, आन एक तिकडं माणात. माणातलं आईचं न्हवंच. ते थोरलीचं."

"आबांना कधी सांगितलं का नाहीस?"

"आईनं शपथ घातलीती. दादाला सावत्र वाटंल असं कायबी बोलायचं न्हाई म्हणून. आन तू तरी कवा इचारलंस? कचेऱ्या हिंडत बसलीस."

मी तिच्याकडं टाक मागितला आणि रुमालात गुंडाळला.

टाक घेऊन मी संध्याकाळी गावी गेले आणि आबांना सगळं सांगितलं. त्यांनी टाक तळहातावर घेतला. माण तालुक्यातलं ते गाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. दहा वर्षांचे होईपर्यंत दर उन्हाळ्यात आई त्यांना तिथं न्यायची. त्या घरी एक म्हातारी होती. बाकीच्या पोरांना ती खाऊ द्यायची, पण आबांना मांडीवर घेऊन भरवायची, रात्री आपल्याच घोंगड्यावर निजवायची. "मला वाटायचं मी थोरला म्हणून माझं लाड," आबा म्हणाले. ती म्हातारी गेली आणि जाणं थांबलं.

पुढच्या रविवारी आम्ही विट्यावरून माणात गेलो. तिकडं आता डाळिंबाच्या बागा झाल्यात, पण आबांनी एका जुन्या चिंचेवरून घर बरोबर ओळखलं. ओसरीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. आबांनी आपलं गाव सांगताच ते ताडकन उठले. "आवं, आमच्या आत्याचं ल्योक तुमी!" म्हणून त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. ते आबांचे मामेभाऊ निघाले.

पाणी पिऊन झाल्यावर आबांनी सरळ विचारलं, "माझ्या आईचं नाव काय हुतं?"

मामेभावानं आश्चर्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग आत तोंड करून मोठ्यानं एक हाक मारली. एक पंचाहत्तरीची बाई पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच असते. "आजीनं हिला आत्याचंच नाव ठिवलं," ते म्हणाले. "घरात नाव चालू ऱ्हावं म्हणून."

आबा उठून उभे राहिले. या पोरीला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन गावभर फिरवलं होतं. आईचं नाव त्यांनी त्या अंगणात शंभरदा हाकारलं होतं. आबा तिच्याकडं बघून ते नाव एकदा म्हणाले, आणि मग ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते आबांचं आहे.

आम्ही परत निघालो. विटा मागं पडल्यावर आबा म्हणाले, "आईचं त्या घरात कोण बी न्हवतं. तरी वरसाला जायाची. जिची लेक मेली आन ही तिच्या जागी आली, त्या म्हातारीसमोर जाऊन बसायची. माझ्यासाठी."

या वर्षी नवमीला आत्या काठी टेकत आली. आबांनी टाक पाटावर ठेवला, शेवटच्या पानाशी आले आणि नाव घेतलं, असं खणखणीत की शेजारच्यांनी डोकावून बघितलं. मग त्यांनी त्याला लागूनच आणखी एक पान मांडलं आणि आमच्या आजीचं नाव घेतलं.

आजी आजोबांच्या नंतर गेली. तिचं पान नवमीला नसतं. आत्या म्हणाली, "दादा, आईचं आज न्हाई."

"असू दे," आबा म्हणाले. "माहेराला दोगी संगंच जायच्या."