‘आत घ्या’ म्हणणारा माणूस

“आधी त्याला आत घ्या हो! बाकीचं मी बघतो.”

भाऊ हे फोनवर इतक्या जोरात ओरडायचे की पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. बोलताना डावा हात असा पुढे करायचे, जणू दवाखान्याचं दार तेच ढकलतायत. मग फोन ठेवायचा, गार झालेला चहा एका घोटात संपवायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, “बाई, इमर्जन्सी होती.”

“तुमच्याकडे कधी नसते?” मी विचारायची.

अंबरनाथला आमचा रंगाचा कारखाना. ऑफिसात त्यांचं नि माझं टेबल समोरासमोर. कंपनीचा उल्हासनगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलशी करार होता. कामगार आजारी पडला, त्याच्या घरचं कुणी पडलं, तर तिथंच जायचं. इमर्जन्सी असेल तरच जवळचा दवाखाना चालायचा, आणि तशी ती आहे की नाही हे दवाखान्यानं भाऊंना फोन करून विचारायचं. करारात म्हटलं होतं, ताबडतोब उपचार न झाल्यास जिवाला धोका असेल तरच इमर्जन्सी. हे ज्या शहाण्यानं लिहिलं त्याच्या घरात कधी कुणी आजारी पडलं नसावं. तपासल्याशिवाय धोका कळणार कसा, आणि आत घेतल्याशिवाय तपासणार कसं? भाऊ त्या भानगडीत पडतच नसत. ते एवढंच विचारायचे, “घरची माणसं घाबरलीत ना? मग झाली इमर्जन्सी. घ्या आत.”

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. साहेबांच्या डोक्याला ताप आणि बाकी सगळ्यांना आधार.

एकदा आमच्या एका फिटरच्या घशात माशाचा काटा अडकला. भाऊंनी दिला होकार. डॉक्टरनं बॅटरी मारून घसा बघेपर्यंत काटा पोटात गेलेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. “माशाचा काटा ही इमर्जन्सी?”

“साहेब, तुमच्या घशात अडकला असता तर?”

“मी मासे खात नाही.”

“मग तुम्हाला कसं कळणार?” भाऊ म्हणाले आणि बाहेर आले. आम्ही सगळे दाराशी कान लावून होतोच. तो फिटर तर आठवडाभर त्यांना भेटला की घसा दाखवायचा.

पण साहेब विसरले नाहीत. साहेब लोक हसं झालेलं विसरत नसतात. पुढं कंपनीनं विमा उतरवला, प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड दिलं आणि भाऊंच्या टेबलावरचा फोन काढून नेला. करारातलं हॉस्पिटल तेच राहिलं, पण आता इमर्जन्सी ठरवणार हेल्पलाइन. कुठल्या तरी शहरात बसलेली पोरं कागदावरचे प्रश्न वाचून दाखवणार आणि आमचं माणूस उत्तरं देणार.

भाऊ काही दिवस रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. मग त्यांनी दुसरा उद्योग काढला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभं राहून ते पढवायचे, “चालता येतं का विचारलं, तर नाही म्हणायचं. सहन होतंय का, तर अजिबात नाही. पेशंटनं स्वतः फोनवर बोलायचं नाही. बोलतोय म्हणजे बरा आहे, असं धरतात हरामखोर.” सगळा कारखाना खोटं बोलायला शिकला आणि त्यापायी कितीतरी माणसं वेळेत खाटेवर पोचली. माझी आईही त्यातलीच.

आणि हाच माणूस! मला अजून राग येतो, आणि येऊ दे.

रविवार होता. सकाळी कात्रपच्या घरी त्यांच्या छातीत कळ आली. वहिनींनी हेल्पलाइनला फोन लावला, तर यांनी तो हातातून काढून घेतला. “मला बोलता येतंय, तू कशाला?” पलीकडून विचारलं, “चल सकते हैं?” हे म्हणाले, “हां.” “दर्द सहन हो रहा है?” “हो रहा है.” दुसऱ्यासाठी बेधडक थापा मारणारा माणूस स्वतःच्या वेळी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा खरं बोलला. झालं. इमर्जन्सी नाही, करारातल्या हॉस्पिटलात जा.

मोठ्या हॉस्पिटलात जायचं म्हणून त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आपल्याकडे मरणाच्या दारातसुद्धा माणूस मळक्या कपड्यात डॉक्टरपुढे जात नाही.

गल्लीच्या तोंडालाच नर्सिंग होम. तिथल्या डॉक्टरला भाऊंनी वर्षानुवर्षं ‘आत घ्या’ म्हणून ओरडून सांगितलेलं. वहिनी म्हणाल्या, रिक्षा इथंच थांबवू या. तर म्हणाले, “त्यांनी नाही म्हटलंय ना? मग डॉक्टरला कशाला अडचणीत टाकायचं? चल.”

रिक्षात वाटेतल्या खरवईपर्यंत बोलत होते. अंबरनाथ आलं तेव्हा मान वहिनींच्या खांद्यावर पडली होती. उल्हासनगरच्या डॉक्टरांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

गल्लीतला डॉक्टर मला म्हणाला, “नुसती हाक मारली असती तरी मी धावत आलो असतो.” आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दार ढकलणाऱ्याला स्वतःसाठी साधी कडीसुद्धा वाजवता आली नाही. माझं तर मत आहे, त्या प्रश्न लिहिणाऱ्यांना आपली माणसं पक्की ठाऊक असतात. दुखतंय म्हणायला लाजणारी. त्यांच्याच जिवावर तर हे धंदे चालतात.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलेलं होतं. वंदना संपली, माणसं भिंतीला टेकून बसली, तेवढ्यात भाऊंचा मोबाइल वाजला. वहिनींनी उचलला. आवाज इतका मोठा की शेजारी मला सगळं ऐकू येत होतं. एक गोड गळ्याची मुलगी विचारत होती, सरांनी इमर्जन्सीसाठी फोन केला होता, आता तब्येत कशी आहे?

मी हात पुढे केला. “द्या इकडे. सांगते तिला कशी आहे ते.”

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला नेला. “ठीक है, बेटा.”

“हमारी सर्व्हिस से आप खुश हैं, मैडम?”

“हां,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ओरडलेच. सगळी माणसं वळून बघायला लागली. “खूश? अहो वहिनी, खूश म्हणालात तुम्ही त्यांना?”

“नोकरी असेल गं तिची,” त्या म्हणाल्या आणि चहाचं बघायला उठल्या.