चार हजार तीनशे एकोणीस नंबरची बाई

लॅबमध्ये त्याला सगळे कुलूप म्हणत. नाव त्यानेच ओढवून घेतलं होतं. नोंदणीच्या खिडकीत, तुकड्यांचे काप काचांवर घ्यायच्या खोलीत आणि त्या काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एकाच वेळी कोणी नोंद करायला गेलं की पडद्यावर लाल पट्टी यायची आणि तो आतून ओरडायचा, "थांबा, कुलूप लागलंय!" पुढे तो जेवायला बसलेला दिसला तरी लोक म्हणायचे, कुलूप लागलंय.

वय एक्कावन्न. तरुणपणी तो इथे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला. बाटलीत माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा, वर नाव. अक्षर फिसकटायचं, एकाच नावाच्या दोन बायका निघायच्या. त्यातून त्याच्या डोक्यात बसलं की नाव दगा देतं, आकडा देत नाही. तो पुस्तकं वाचून संगणक शिकला आणि लॅबसाठी नोंदवही तयार केली. मोठा सर्व्हर नाही, सांभाळायला माणूस नाही. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये, नंबर फाइलच आपोआप देणार, बाटलीवर फक्त नंबर, रुग्णाच्या हातात नंबराची चिठ्ठी. नाव, पत्ता, गाठ कुठली, सगळं आत. कागदाची वही त्याने हट्टाने बंद करवली. रोज दुपारी तो ती फाइल बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर उतरवून खिशात टाकायचा. बायको म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात काय काय सापडतं. माझ्या नशिबी ही काडी."

कुलुपाचा त्रास त्याने तीन वर्षांपूर्वी सोडवला होता. डेटाबेसला एक सोय होती: नवीन नोंद थेट मुख्य फाइलमध्ये न जाता आधी शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये उतरते आणि सवड मिळाली की मुख्य फाइलमध्ये मिसळते. त्यामुळे एक जण लिहीत असताना बाकीचे वाचू शकतात. लाल पट्टी जवळजवळ बंद झाली, टोपणनाव तेवढं राहिलं. संध्याकाळी सगळं बंद केलं की ती छोटी फाइल आपोआप नाहीशी व्हायची. त्याने तिच्याकडे कधी लक्ष दिलं नाही. आचाऱ्याच्या हाताला लागलेलं पीठ, एवढीच त्याच्या लेखी तिची किंमत.

मग डॉक्टरीणबाईंना भिंतीवर मोठा पडदा हवा झाला. कुठले नमुने बाकी आहेत ते चोवीस तास दिसलं पाहिजे. त्याने लावून दिला. तो पडदा एकदा वाचायला बसला तो उठलाच नाही. आणि कोणी वाचत बसलेलं असलं की त्याने वाचायला घेतल्यानंतरच्या नोंदी मुख्य फाइलमध्ये मिसळत नाहीत, बाहेर थांबतात. नऊ दिवस त्या थांबल्या. एक्केचाळीस माणसं शेजारच्या फाइलमध्ये उभी होती. कुठेही लाल पट्टी नाही, सगळ्यांना सगळं दिसत होतं.

शनिवारी सकाळी मशीन गोठलं. बटण दाबलं, हललं नाही. त्याने वायर उपटली. नवीन मशीन महिनाभर खोक्यातच होतं. म्हणाला, आजच बदलू. जुनी डिस्क जोडून त्याने मुख्य फाइल नव्यावर घेतली, शेजारची घेतली नाही. मग जुनी डिस्क कोरी केली आणि पुढच्या नकला तिच्यावर साठवायच्या म्हणून लगेच भरायलाही घेतली. डेटाबेसला विचारलं, तू धड आहेस का? उत्तर आलं: ठीक. ते खोटं नव्हतं. होतं तेवढं ठीकच होतं.

खिडकीतल्या ताई त्या दिवसापासून रजेवर होत्या. तोच त्यांच्या जागी बसला. शेवटचा नंबर कितीवर गेला होता ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि फाइलने निमूटपणे पुढचा म्हणून दिला चार हजार तीनशे बारा. हा नंबर नऊ दिवसांपूर्वी एकदा देऊन झाला होता.

डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आज ओझं कमी दिसतंय हो."

"नवीन मशीन आहे बाई," तो म्हणाला. "काम पटापट उरकतंय." दोघं हसले.

सोमवारी दुपारी एक बाई खिडकीशी आली. चाळिशीची, बाहीवर निळ्या दोऱ्यांचे तुकडे, कॉलरला टाचणी. चिठ्ठी पुढे केली. चार हजार तीनशे एकोणीस.

त्याने नंबर टाकला. "हा एका शिक्षकांचा आहे. सकाळीच देऊन गेलेत."

"अहो, तुमच्याच बाईंनी दिलीय चिठ्ठी. दहा दिवसांनी या म्हणाल्या."

"दुसऱ्या लॅबची असेल ताई."

"माझं नाव तरी बघा." तिने नाव सांगितलं. त्याने टाकलं. नाही.

"संगणकात नाही म्हणजे तुम्ही इथे आलाच नाहीत," तो म्हणाला.

तिचे खांदे सैल पडले. "म्हणजे काही निघालं नाही, असंच ना?"

मागे सहा जण उभे होते. "तसंच समजा," तो म्हणाला. चिठ्ठी काउंटरवर राहिली; त्याने टोपलीत टाकली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी चार हजार तीनशे एकोणीसची काच पाहिली. नाव न बघता रिपोर्ट लिहायचा हा त्यांचा नियम. स्तनाची गाठ, कर्करोग. रिपोर्ट शिक्षकांच्या नावाने छापला गेला. मंगळवारी सकाळी शिक्षकांच्या सर्जनचा फोन आला. "काल सकाळी नमुना दिला आणि आज रिपोर्ट? अभिनंदन. पण मी मानेतून काढलेला तुकडा तुमच्याकडे येईपर्यंत स्तनाचा कसा झाला, तेवढं सांगाल?"

काप काचांवर घेणारे काका एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशा दोन बाटल्या घेऊन आले. दोन्हींवर एकच नंबर. त्याला सगळं एकदम कळलं. त्याने खिशातली काडी लावून पाहिली. तिच्यावरही मुख्य फाइलच होती. नऊ दिवसांच्या नऊ नकला, नऊही सारख्याच अपुऱ्या. जुनी डिस्क दोन दिवस खरवडली. तिच्यावर त्याच्याच हाताने दुसरं लिहिलं गेलं होतं.

चिठ्ठ्या लोकांकडे होत्या. तो खिडकीत बसून राहिला आणि लोक येत गेले. चिठ्ठी बघून तो नंबर लावायचा, नाव आणि गाठीची जागा विचारून कागदावर लिहून घ्यायचा. दोन आठवड्यांत चाळीस माणसं परत आली. एक जण चिडून म्हणाला, "तुमची वही हरवली तर आम्हाला का विचारता?" तो म्हणाला, "तुम्हालाच माहीत आहे म्हणून."

एक्केचाळिसावी येणार नव्हती. तिला त्याने परत पाठवलं होतं. तिने सांगितलेलं नाव त्याने टाइप केलं होतं आणि विसरला होता. आडनाव आठवेना, पहिलं अक्षरही आठवेना. चेहरा मात्र रोज जास्त स्पष्ट होत चालला.

तो शहरातल्या एकेका सर्जनकडे विचारत फिरला. त्या नऊ दिवसांतल्या सगळ्या बायका जुळल्या, ही सोडून. एका छोट्या दवाखान्याचा डॉक्टर गाव सोडून गेला होता, दाराला टाळं. तिथलीच असणार. मग त्याला दोरे आठवले. शहरात कपडे शिवायचे सात कारखाने होते. तो रोज एका गेटवर, पाळी सुटायच्या वेळी, उभा राहू लागला. रखवालदार हाकलायचे. बायका आपसात म्हणायच्या, "हा बघ आला, कुणाचा तरी नवरा." घरी बायकोने एकदाच विचारलं, "आणि सापडलीच नाही तर?" त्याने ताट बाजूला सारलं.

त्या सोमवारनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी पाचव्या कारखान्याच्या गेटवर तिनेच त्याला ओळखलं.

"तुम्ही ते खिडकीतले ना?" ती मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हेच ते. मी यांच्याकडे आलेच नव्हते म्हणाले." दोघी हसल्या.

त्याने मैत्रिणीला पुढे जायला सांगितलं आणि भिंतीशी उभं राहून सांगितलं. घरून पाठ करून आलेलं सगळं बाजूला राहिलं. "गाठ वाईट आहे. चूक माझी आहे. उद्याच्या उद्या यायला हवं."

बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"त्या दिवशी इतक्या खात्रीनं कसं बोललात हो तुम्ही?"

"मशीननं ठीक म्हटलं होतं."

"आणि मी आले होते म्हणत होते, ते?"

तो भिंतीचा सुटलेला पोपडा सोलू लागला.

"गाठ वाढलीय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, असेल चरबी." मग तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "चला घरी. मी सगळ्यांना सांगून बसलेय काही नाही म्हणून. आता मी नाही परत सांगणार. तुम्ही सांगा."

दोन खोल्यांचं घर. सासू गव्हाची चाळण घेऊन बसलेली, मुलगी अभ्यास करत होती. बाई आत गेली आणि नळ सोडून हात धुवायला लागली. त्याने डॉक्टरांना, लॅबच्या मालकांना, चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना हीच हकीकत मुद्देसूद सांगितली होती. इथे गाठ वाईट आहे एवढं सांगून झालं, मग तो फाइल म्हणाला, शेजारची फाइल म्हणाला आणि अडखळला.

"म्हणजे वही आणलीत आणि पुरवणी तिकडेच टाकलीत," सासू म्हणाली.

"हो आजी."

"आणि हिला म्हणालात, तू आलीच नव्हतीस."

"हो."

सासूने चाळण खाली ठेवली. मुलीने पुस्तक मिटलं नव्हतं, पण ती वाचतही नव्हती. आत नळ चालूच होता, एवढ्या वेळात कोणाचेही हात धुऊन झाले असते.

"उद्या किती वाजता?" सासूने विचारलं.

"नऊला. मी इथे घ्यायला येतो."

"नको," आतून आवाज आला. "वेळ सांगून जा. आम्ही येऊ."