यशबातला बाल

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. राज्य पुनर्रचनेचे दिवस होते. हैदराबाद राज्याचे तुकडे पडणार हे ठरलं होतं आणि सरकारी नोकरांना कुठे जायचं तो पर्याय लिहून द्यावा लागत होता. शेजाऱ्याला हवी ती जागा मिळाली की याच्या पोटात दुखे. मी मूळचा साताऱ्याकडचा, पोलीस कारवाईनंतर हैदराबादला फौजदार म्हणून आलेला. त्या काळात ठाण्यात येणाऱ्या तक्रारी नुसत्या ऐकल्या तरी कोण कुणावर जळतंय ते कळायचं.

चिक्कडपल्लीतल्या एका जुन्या मराठी घरातली धाकटी सून तक्रार घेऊन आली. नवरा मागे मान खाली घालून उभा. सासूनं तिला हिरव्या यशबाची, म्हणजे जेडची, हौलदिली दिली होती. छाती धडधडू नये म्हणून गळ्यात बांधायचा हा दगड. ब्रह्मदेशातला, अस्सल. त्यात आरपार भेग दिसत होती. थोरल्या जावेनं हेव्यापोटी तो मुद्दाम आपटला, असं तिचं म्हणणं.

जावा जावा आणि उभा दावा, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. पण इथे गोष्ट साधी नव्हती. थोरलीचं बिऱ्हाड औरंगाबादला निघालं होतं, सामान बांधून तयार होतं. गुन्हा नोंदवला असता तर चौकशी संपेपर्यंत तिला शहर सोडता आलं नसतं, आणि सरकारी नोकराच्या बायकोच्या नावावर कायमचा डाग लागला असता. थोरलीनं जबाबात एवढंच सांगितलं, की दगडाला हात लावला नाही.

मी स्टेशन डायरीत नोंद केली, दगड ताब्यात घेतला आणि विद्यानगरला राहणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि माझं बोट धरून भेगेवरून नख फिरवायला लावलं. नख कुठेच अडलं नाही. हा दगड जमिनीच्या पोटात खोल, प्रचंड दाबाखाली घडतो, असं त्यांनी समजावलं. पुढे डोंगर उचलले जातात, दाब सैल होतो, दगडावर ताण येतो आणि तो आतल्या आत तडकतो. मग त्या फटीत पाण्याबरोबर दुसरं खनिज शिरतं आणि ती सांधली जाते. म्हणून भेग दिसते, पण लागत नाही. आपटून पडलेल्या भेगेत नख अडलं असतं.

म्हणजे दगड कोणी फोडलाच नव्हता. आता प्रश्न एवढाच, की धाकटीची समजूत चुकली होती की ती जाणूनबुजून खोटं बोलत होती? कोठी भागातल्या सराफ्यात माझा एक खबऱ्या होता. तो दुसऱ्या दिवशी सांगत आला, ‘‘साब, छोटी बहू पिछले महिने आई थी. सेठ बोले, बाल पैलेच से है अम्मा. तो इने बोली, घर में किसीकू नक्को बोलो.’’

मी चमकलो. बाळ? लग्नाआधीचं? घरात लपवलेलं? थोरलीला ते कळलं असणार आणि तिचं तोंड बंद करायला ही तक्रार, असा हिशेब मी मनात जुळवून टाकला. खबऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारायला हवे होते, पण मोठं काहीतरी हाती लागलं या भरात राहून गेलं.

धाकटीला बोलावून घेतलं. थोरलीलाही बोलावलं होतं, ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘बाई, बाळ पहिल्यापासूनचं आहे, हे तुम्ही घरात का लपवलंत?’’

तिचा चेहरा पार उतरला.

‘‘मला बाळ असतं, साहेब, तर जाऊबाईंच्या पोरांना अडवायला मी चौकीत आले असते का?’’

पुढचं तिनं आपणहून सांगितलं. इकडचे सराफ दगडातल्या बारीक भेगेला बाल म्हणतात, केसाएवढी म्हणून. हा बाल जन्मजात आहे हे तिला सराफानं सांगितलं होतं. पण थोरलीची पोरं हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तीच आता जाणार, सासूही नातवंडांच्या ओढीनं त्यांच्यासोबत निघालेली. ‘‘माणसं सगळी त्यांना, मला दगड,’’ ती म्हणाली. खटला उभा राहिला तर जाणं तरी लांबेल, एवढाच तिचा विचार होता.

बोलताना तिचा आवाज चढला होता, बाहेर थोरलीनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली. जावेला ती बोल लावील असं मला वाटलं होतं. ती माझ्याशीच बोलली.

‘‘आमची लहानी पडली तरी काकीकडे धावते, साहेब. मला सोसायचं नाही ते. यांचा पर्याय औरंगाबादचा मीच लिहायला लावला.’’

धाकटी जमिनीवर बसली. थोरली तिच्याजवळ बसली, पण पर्याय एकदा दिला की मागे घेता येत नसे. मी तक्रार मागे घेतल्याचा जबाब लिहिला, दगड परत केला. त्याच आठवड्यात थोरलीचं बिऱ्हाड गेलं.

त्यानंतर कोणी काही मोडलं, हरवलं म्हणून आलं, की मी आणखी एक गोष्ट विचारून घेऊ लागलो: घरातून कोण जाणार आहे? दंडविधानात हेव्याला कलम नाही, याबद्दल आम्ही पोलीस पुष्कळदा कुरकुरतो. त्या दिवशी मला ते बरंच वाटलं. कलम असतं तर दोघींनाही आत टाकावं लागलं असतं, आणि त्या पोरांना ना आई उरली असती, ना काकी.